जागतिक एड्स दिन आणि स्वयंपाकघरातले वेगळे ताट

सप्रेम नमस्कार.

ताई, तुमचे नाव आणि महाविद्यालयाचा उल्लेख गाळून, तसेच घरच्या माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलून तुमच्या पत्राला येथे उत्तर देत आहे. इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा असा : तुम्ही नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता, राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) काम पाहता, आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाचा कार्यक्रम यंदा प्राचार्यांनी तुमच्यावर सोपवला आहे. प्रभातफेरी, रांगोळी आणि घोषवाक्य स्पर्धा एवढ्यावर न भागवता या रोगाने जगाचे काय केले हे मुलांना कळावे, अशी तुमची इच्छा आहे. त्यावर एक सहकारी म्हणतात, “आता एड्स राहिला कुठे?” आणि दुसऱ्या एका बाईंचे म्हणणे असे की मुलींसमोर हा विषयच नको. पत्राच्या अगदी शेवटी ताजा कलम म्हणून तुम्ही लिहिले आहे : “माझे भासरे (थोरले दीर) पूर्वी ट्रक चालवत. टीबीचा उपचार सुरू झाला तेव्हा त्यांना एचआयव्ही असल्याचे कळले. मेडिकलमधून, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, औषध मिळते, रोज रात्री एक गोळी घेतात, आता तब्येत चांगली आहे. जाऊबाईंची तपासणी निगेटिव्ह येते. पण सासूबाई भासऱ्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवतात आणि खरे सांगायचे तर मीही माझ्या मुलाला त्यांच्या ग्लासातले पाणी पिऊ देत नाही. मग मी कोणत्या तोंडाने मुलांसमोर बोलू?”

तुम्ही जे शेवटी लिहिले, त्यापासूनच सुरुवात करते, कारण कार्यक्रमाची दिशा त्यावर ठरणार आहे.

एड्स ज्या विषाणूमुळे होतो त्या एचआयव्हीची लागण असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, एकाच सुईचा वापर अनेकांनी केल्याने, आणि बाधित आईकडून गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला होते. ताट, ग्लास, टॉवेल, संडास, डास, खोकला, मिठी यांपैकी कशातूनही ती होत नाही. ही केवळ धीर देण्यासाठी सांगायची गोष्ट नाही, ती फार पूर्वीच तपासून पाहिलेली आहे. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९८६ साली एड्सच्या रुग्णांसोबत एकाच घरात राहणाऱ्या १०१ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. ही माणसे रुग्णांबरोबर एकच न्हाणीघर, तीच भांडी, काही घरांत तर तेच ग्लास वापरत होती. त्यांच्यापैकी फक्त एका लहान मुलीत लागण आढळली आणि तीही बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेली होती. लक्षात घ्या, त्या काळी या विषाणूवर एकही औषध बाजारात नव्हते. तुमच्या भासऱ्यांची तर रोजची गोळी चालू आहे.

सासूबाईंचा मात्र मला राग येत नाही. त्यांच्या भीतीचा उगम बहुधा टीबीच्या दिवसांत असावा, कारण फुफ्फुसाचा टीबी खरोखरच हवेतून पसरतो आणि त्या काळात खिडक्या उघड्या ठेवणे, रुग्णाने तोंडावर रुमाल धरणे हे योग्यच होते. पण टीबीचे औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत त्याचा संसर्ग ओसरतो. टीबी गेला आणि वेगळे ताट मात्र राहून गेले. घरात पडलेली सवय कारण संपल्यावरही टिकते, आणि त्या सवयीचे ओझे रोज दोन वेळा जेवायला बसणाऱ्या माणसाला उचलावे लागते. सासूबाईंना भाषण देऊ नका. एखाद्या रविवारी पंगत बसली की भासऱ्यांचे ताट तुम्हीच सगळ्यांच्या ताटांसोबत मांडा आणि जेवणानंतर त्यांची भांडी इतर भांड्यांबरोबर घासायला टाका. कुणी विचारले तर एवढेच सांगा की मेडिकलच्या डॉक्टरांना विचारून घेतले आहे. आणि तसे खरोखर विचारूनही घ्या. पुढच्या वेळी औषध आणायला जाताना भासऱ्यांची हरकत नसेल तर सासूबाईंना सोबत न्या आणि तिथल्या समुपदेशकाशी त्यांची गाठ घालून द्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेले आपल्या घरांत सुनेने सांगितलेल्यापेक्षा लवकर पटते, याचे वाईट वाटून घेऊ नका.

जाऊबाईंच्या निगेटिव्ह रिपोर्टबद्दल तुम्ही थोड्या आश्चर्याने लिहिले आहे. त्यात चमत्कार काही नाही. रोज नेमाने औषध घेतल्याने रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली येते की तपासणीत ते सापडतच नाहीत, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. युरोपातील ‘पार्टनर’ या अभ्यासात एक जोडीदार बाधित आणि दुसरा बाधित नसलेला अशा शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन्ही टप्प्यांत औषधाने विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. अट मात्र एकच आणि ती कडक आहे : गोळी चुकवायची नाही, आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाची, तपासणी ठरल्या वेळी करून घ्यायची. जाऊबाईंनीही आपली तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने चालू ठेवावी. आपल्या मुलाला पाण्याचा ग्लास द्यायचा की नाही, हा प्रश्न या माहितीनंतर उरत नाही.

आता एक सावधगिरी. तुमच्या मनात कदाचित असे येईल की व्यासपीठावरून “माझ्या घरातच उदाहरण आहे” असे सांगितले तर मुलांवर परिणाम होईल. परिणाम नक्की होईल, पण ते सांगण्याचा अधिकार तुमचा नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची एचआयव्हीविषयीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास तो कायदा मनाई करतो. “माझे एक नातेवाईक” असे म्हणून नाव गाळले तरी नागपूर एवढे मोठे नाही. महालातल्या माणसाची बातमी मानेवाड्यापर्यंत जायला एक लग्नाचे रिसेप्शन पुरते. हाच कायदा शिक्षण, नोकरी, दवाखाना आणि भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यासही बंदी घालतो, आणि १०० किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या संस्थेने तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमावा असे सांगतो. तुमच्या संस्थेचा कर्मचारीवर्ग तेवढा असेल तर असा अधिकारी नेमलेला आहे का, हे प्राचार्यांना जरूर विचारा. कार्यक्रमाच्या निमित्ताने तेवढे एक काम झाले तरी रांगोळीपेक्षा ते अधिक टिकेल.

“आता एड्स राहिला कुठे?” असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे झटकून टाकू नका, त्यात अर्धे सत्य आहे. २००४च्या सुमारास जगात या रोगाने वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे मरत होती. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएनएड्स’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये हा आकडा ६ लाख ३० हजारांवर आला, म्हणजे सुमारे ७० टक्क्यांनी घटला. ही आधुनिक वैद्यकाने मिळवलेल्या मोठ्या यशांपैकी एक गोष्ट आहे आणि ती मुलांना अभिमानाने सांगावी. मात्र ६ लाख ३० हजार म्हणजे दर मिनिटाला एकाहून अधिक मृत्यू. त्याच वर्षी १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली, जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांच्यापैकी ९२ लाखांना उपचार मिळत नव्हते. साथ सुरू झाल्यापासून गेलेल्यांची संख्या ४ कोटी ४१ लाखांच्या घरात आहे. भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, हे मुलांना शेजारी ठेवून दाखवा, म्हणजे आकडा त्यांच्या ओळखीचा होईल. राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक महाराष्ट्रात आहे, हेही सांगायला विसरू नका.

पण भाषणात आकड्यांची रास ओतू नका. तीनच आकडे सांगा आणि उरलेला वेळ माणसांना द्या. कोणती माणसे, याबद्दल माझी निवड सांगते. तुम्हाला पटेल तेवढी घ्या.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून झांबियापासून सुरुवात करावी असे मला वाटते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील या देशात १९९८च्या पहिल्या दहा महिन्यांत सुमारे १,३०० शिक्षक मरण पावल्याची नोंद आहे, आणि त्यामागचे मुख्य कारण एड्स हे होते. त्या देशात वर्षभरात जितके नवे शिक्षक प्रशिक्षण घेऊन बाहेर पडत, त्याच्या साधारण दोन तृतीयांश इतकी ही संख्या होती. शाळेची इमारत आहे, मुले आहेत, फळा आहे, आणि शिकवायला माणूस नाही, असे चित्र गावोगावी दिसू लागले. हा विषाणू वृद्धांना किंवा अर्भकांना निवडून मारत नव्हता. तो वीस ते पंचेचाळीस वयाच्या, म्हणजे कमावत्या, शिकवणाऱ्या, नांगरणाऱ्या, बाळंतपणे करणाऱ्या पिढीला नेत होता. म्हणून जी गावे उरली त्यांत आजी आणि नातवंडेच उरली. बोट्स्वानासारख्या हिऱ्यांच्या खाणी असलेल्या आणि चांगला कारभार चालणाऱ्या देशातही सरासरी आयुर्मान या शतकाच्या सुरुवातीला पन्नाशीच्या आसपास घसरले होते. जागतिक परिणाम म्हणजे काय, हे एवढ्यावरून बारावीच्या मुलाला कळते. या जगातल्या लाखो मुलांनी आई किंवा बाप किंवा दोघेही या एका रोगामुळे गमावले आहेत.

दुसरी गोष्ट एका शाळकरी मुलाची आहे. न्कोसी जॉन्सन १९८९ साली दक्षिण आफ्रिकेत जन्माला आला तोच आईकडून आलेला विषाणू घेऊन. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या एका प्राथमिक शाळेत त्याचे नाव घालायचे ठरले तेव्हा पालकांनी विरोध केला, तो वाद देशभर गाजला, आणि त्यानंतर तेथे अशा मुलांना प्रवेश नाकारता येणार नाही असे धोरण आले. जुलै २००० मध्ये डर्बन येथे जागतिक एड्स परिषद भरली. अंगाला न बसणारा सैल कोट घातलेल्या या अकरा वर्षांच्या मुलाने तेथे हजारो लोकांसमोर उभे राहून सांगितले की आम्हाला मिठी मारल्याने किंवा हात धरल्याने कुणालाही एड्स होत नाही, आणि गरोदर बाधित मातांना सरकारने औषध द्यावे. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो याविषयीच शंका घेत होते आणि औषधे देण्याचे टाळत होते. न्कोसी १ जून २००१ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी गेला. म्बेकी सरकारच्या त्या धोरणामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसांचे प्राण गेले असावेत, असा अंदाज हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. सत्तेवरच्या माणसाने विज्ञानाकडे पाठ फिरवली की काय होते, याचे याहून लखलखीत उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट औषधाच्या किमतीची, आणि ही गोष्ट तुमच्या घरातल्या रात्रीच्या गोळीपर्यंत येते. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र दिली तर हा रोग आटोक्यात राहतो हे सिद्ध झाले आणि अमेरिका-युरोपातले मरणाच्या दारातले रुग्ण कामावर परतू लागले. पण या औषधांचा खर्च एका माणसामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक होता. म्हणजे औषध उत्तरेकडे होते आणि रुग्ण दक्षिणेकडे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे युसूफ हमीद यांनी हेच त्रिकूट वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे रोज एका डॉलरहूनही कमी किमतीत, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केले. हे शक्य झाले कारण १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी मिळत नसे, फक्त तो तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. २००५ पर्यंत ही स्थिती होती. २००१च्याच एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांसाठीच्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध लावलेला खटला जगभरच्या टीकेमुळे मागे घेतला. पुढे गरीब देशांना निधी देणारा ग्लोबल फंड आणि अमेरिकेची ‘पेपफार’ ही एड्सविरोधी मदत योजना आली, आणि आज गरीब देशांतले बहुसंख्य रुग्ण भारतात बनलेली औषधे घेतात. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत असलेला आजचा उपचार जागतिक खरेदीत वर्षाला ५० डॉलरपेक्षाही कमी किमतीत पडतो. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा भाग विशेष आवडेल, कारण किंमत, कायदा आणि जीव यांचा संबंध एवढ्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

भारताची सुरुवातही सांगा, कारण तिच्यात दोन स्त्रिया आहेत. १९८६ साली चेन्नईच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी एचआयव्हीची पाहणी सुचवली. त्या वेळी हा परदेशी लोकांचा आजार आहे, आपल्या संस्कृतीत तो येणार नाही, अशी वर्तमानपत्रांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांची समजूत होती. निर्मलाने शहरातल्या सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेतले. महाविद्यालयात ठेवण्याची सोय नव्हती म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि नवऱ्याला सोबत घेऊन बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला तपासणीसाठी नेले. त्यांतले सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारतातल्या लढाईची पहिली पायरी ही अशी, घरच्या फ्रिजमध्ये आणि रेल्वेच्या डब्यात, रचली गेली.

हे सगळे ऐकून मुले म्हणतील की आफ्रिकेत झाले, चेन्नईत झाले, आपल्याला काय? तेव्हा नागपूरचा नकाशा काढा. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि हजिरा ते पारादीप असे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग आपल्या शहरात एकमेकांना छेदतात. महिनोन्महिने घराबाहेर राहणारे ट्रकचालक हा राष्ट्रीय कार्यक्रमाने सुरुवातीपासून विशेष लक्ष दिलेला गट आहे, आणि त्याचे कारण त्यांचे चारित्र्य नसून त्यांच्या कामाची पद्धत आहे. तुम्ही हे इतर कुणापेक्षाही चांगले समजू शकता. मात्र येथे एक मोह टाळा. नागपुरात हा विषय निघाला की लोकांचे बोट आपोआप गंगा-जमुना या वेश्यावस्तीकडे जाते, आणि बोट दाखवणारा स्वतःला सुरक्षित समजू लागतो. लागण झालेल्या कितीतरी स्त्रिया अशा असतात की ज्यांनी आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध ठेवलेला नसतो. २०२२च्या मे महिन्यात तर नागपुरातल्या थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आणि त्यांतले एक मूल दगावल्याचे आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनीच जाहीर केले. मुलांना ती चढवलेल्या रक्तातून झाली, असे सांगितले गेले. लागण झाल्यानंतरचे काही दिवस साध्या तपासणीत विषाणू सापडत नाही; नॅट नावाची तपासणी ही मुदत कमी करते, पण पूर्ण मिटवत नाही. म्हणून रक्तदानाच्या वेळी भरायच्या फॉर्ममध्ये खरी उत्तरे देणे किती महत्त्वाचे आहे, हे रासेयोच्या मुलांना या निमित्ताने सांगा, कारण शिबिरे तीच भरवतात.

मुलींसमोर नको म्हणणाऱ्या बाईंना माझा एकच आकडा सांगा : २०२३ मध्ये जगात दर आठवड्याला १५ ते २४ वयोगटातील सुमारे ४,००० मुलींना व तरुणींना लागण होत होती. ज्या वयाच्या मुलींपासून आपण हे लपवणार, त्याच वयाच्या या मुली आहेत. हा वाद नवा नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली थांबवला होता. माझे मत विचाराल तर निरोधचा उल्लेख टाळून एड्सवर बोलणे म्हणजे चिखलातून चालायचे आणि पाय भिजू द्यायचे नाहीत, असे आहे. साध्या, सरळ, दवाखान्यात बोलतात तशा भाषेत बोला. हसू येईल, येऊ द्या. दोन मिनिटांत ते ओसरते. गरोदर स्त्रीची वेळेवर तपासणी झाली आणि औषध सुरू राहिले तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते, उपचार नसतील तर ती १५ ते ४५ टक्के असते. ज्या मुली पाच-सात वर्षांत आया होणार आहेत, त्यांच्यासाठी याहून उपयोगी माहिती कोणती असेल?

कवटी आणि हाडांची चित्रे असलेली, “एड्स म्हणजे मरण” असे लिहिलेली जुनी भित्तिपत्रके महाविद्यालयाच्या कपाटात असतील तर ती यंदा काढूच नका. भीतीने माणूस तपासणीला जात नाही, लपून बसतो. ज्या देशांनी बदनामी केली तेथे साथ पसरली, हे गेल्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याऐवजी १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कलावंतांनी सुरू केलेल्या लाल फितीचा अर्थ सांगा : ती आजारी माणसाच्या बाजूने उभे राहण्याची खूण आहे. वृत्तपत्र वाचणाऱ्या मुलांसाठी एक ताजा धागाही घ्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा अनेक आफ्रिकी देशांतली केंद्रे बंद पडली, आणि ही मदत कायमची गेली तर २०२९ पर्यंत आणखी ४० लाख मृत्यू होऊ शकतील असा इशारा यूएनएड्सने दिला. आपला राष्ट्रीय कार्यक्रम मात्र केंद्राच्या अर्थसंकल्पातून चालतो. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर झाले होते. आपली औषधे कुणाच्या भरवशावर आहेत, यावर मुलांमध्ये चांगली चर्चा होईल.

कार्यक्रमाची मांडणी म्हणाल तर प्रमुख पाहुण्यांची भाषणे एकावर आणा. तुम्ही वीस मिनिटे बोला, आणि नंतरचा पाऊण तास चिठ्ठ्यांवरच्या प्रश्नांना द्या. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही, आणि चिठ्ठ्या आदल्या आठवड्यातच एका बंद डब्यात गोळा करायच्या, म्हणजे जे खरे विचारायचे आहे ते विचारले जाईल. उत्तरे देण्यासाठी मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातील आयसीटीसीच्या, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्राच्या, समुपदेशकांना बोलवा. तेथे तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते, हे त्यांच्याच तोंडून मुलांनी ऐकलेले बरे. १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो महिनाभर पुसू नका. महाविद्यालयात रेड रिबन क्लब, म्हणजे एड्सविषयी जागृती करणारे विद्यार्थ्यांचे मंडळ, नसेल तर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या जिल्हा कार्यालयाशी पत्रव्यवहार करून तो सुरू करता येतो. समुपदेशकांसाठीचे पत्र मात्र प्राचार्यांच्या सहीने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच द्या, कारण १ डिसेंबरला त्यांना शहरभरातून बोलावणी असतात. त्या दिवशी वेळ नाही असे उत्तर आले तर २ किंवा ३ डिसेंबर घ्या, पण माणूस तेच घ्या.